हरहुन्नरी चोर घडवताना

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत, फासे टाकत खेळायच्या खेळासाठी, तुला नवं पात्र घडवायचंय. त्यातली यादी वाचून आधी हसलो, मग पेन्सिल घेऊन बसलो. कुलपं उघडता आली पाहिजेत, दरबारात गोड बोलता आलं पाहिजे, धनुष्य, तलवार, विष, वेषांतर, सापळे, वर थोडी जादू, आणि शेवटी ठळक अक्षरात ‘हरहुन्नरी चोर हवा’. अरे, याला एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात! असा गडी कागदावर भारी दिसतो आणि टेबलावर दुसऱ्या तासाला कंटाळवाणा होतो, कारण तो प्रत्येक गोष्टीत दुसऱ्या कोणाहून तरी थोडा कमी असतो.

पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे १९७४ साली, चोर नव्हताच. लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (दैवी मंत्र म्हणणारा पुजारी) असे तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, होते. चोर आला १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत, आणि आला तो टक्केवारीचं कोष्टक घेऊनच. १९७८च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या चोराला भिंत चढून जाण्याची शक्यता ८५ टक्के, पण सावलीत लपण्याची मूळ शक्यता फक्त १०. नावाचा चोर! पण एक सोय होती, निवडायचं काहीच नव्हतं. कोष्टकात लिहिलंय तेवढं तुझं. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत क्लासचं नाव ‘रोग’ (इंग्रजी rogue, म्हणजे लबाड) झालं, स्किल पॉइंट (कौशल्यांवर खर्चायचे गुण) मूळ पुस्तकातल्या सगळ्या क्लासांपेक्षा जास्त मिळायला लागले, आणि तेव्हापासून तुझ्यासारखे लोक याद्या करत बसलेत.

माझ्या मते हरहुन्नरी असण्याची परीक्षा साधी आहे. मारामारी असो, शोधाशोध असो की बोलाचाली, डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तुझ्याकडे बघितलं की तुला करण्यासारखं काहीतरी हवं. प्रत्येक प्रसंगात एक काम. सगळी कामं नव्हेत. तुमच्या गटात फायटर (लढवय्या) आहे, क्लेरिक आहे, विझर्ड (जादूगार) आहे, त्यांनाही काहीतरी उरू दे.

आता पात्राच्या सहा गुणांचे आकडे. तुमचा डीएम २०१४चं पुस्तक वापरतोय आणि ठरावीक आकडे घ्यायचेत असं तू लिहिलंस, म्हणजे १५, १४, १३, १२, १०, ८. वंश हाफ-एल्फ घे, अर्धा माणूस, अर्धा एल्फ. १५ डेक्स्टेरिटीला (चपळाईला) टाक, वंशाचा १ मिळवून १६. १४ करिष्म्याला, २ मिळवून १६. १३ कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणाला), १ मिळवून १४. विज्डम १२, इंटेलिजन्स १०, आणि ८ बिनदिक्कत स्ट्रेंग्थला (ताकदीला). हो, म्हणजे तुझ्या चोराला कोणी धरून ठेवलं तर ॲथलेटिक्सने, म्हणजे अंगबळाने, सुटण्याची आशा सोड. पण चांगल्या पात्राला एखादी गोष्ट खरोखर न येणं मला आवडतं. डीएमलाही आवडतं, त्यांचं काम सोपं होतं.

डेक्स्टेरिटी सगळेच चोर वाढवतात, तिच्यावरून तुझा चोर इतरांपासून ओळखू येणार नाही. त्याचा स्वभाव ठरतो दुसऱ्या मोठ्या आकड्यावरून. तो इंटेलिजन्सला दिलास तर माणूस खुणा वाचणारा होतो, विज्डमला दिलास तर सावध, करिष्म्याला दिलास तर जिभेवर जगणारा. तुमच्या विझर्डकडे बुद्धी आहे, क्लेरिककडे विज्डम आहे, बोलणारं कोणीच नाही. म्हणून करिष्मा. तुमचा गट वेगळा असता तर माझं उत्तरही वेगळं असतं.

स्किल एकूण १८ आहेत. क्लासकडून ४, बॅकग्राउंडकडून (पात्राच्या पूर्वायुष्याकडून) २, हाफ-एल्फ म्हणून २, अशी ८ तुझ्या पदरात पडतात. जवळजवळ निम्मी! पण ती निवडण्याआधी मला एक सांग, तुझा माणूस पोटासाठी काय करायचा?

हे मी उगाच विचारत नाही. तू लिहिलेला इतिहास, म्हणजे अनाथ मुलगा, काळोख्या गल्ल्या, चोरांच्या टोळीने वाढवला, वाईट नाही, पण त्यातून चोरीपलीकडे काही निघत नाही. मग दरबारी बोलणं वरून चिकटवावं लागतं. त्याऐवजी असा एखादा धंदा शोध, ज्यातून ही आठही कौशल्यं आपोआप निघतील. माझ्या डोक्यात आलेला धंदा सांगतो. तो सावकाराच्या पेढीवरचा पारखी होता. गहाण पडलेल्या वस्तू तपासायच्या, खरं-खोटं सांगायचं. म्हणजे इन्व्हेस्टिगेशन आलं. गिऱ्हाईक रडतंय ते खरं की नाटक हे ओळखायचं, म्हणजे इनसाइट. किंमत पाडायची, म्हणजे पर्स्वेजन आणि डिसेप्शन. मुदत टळलेल्या पेट्या किल्लीवाचून उघडायच्या, म्हणजे चोराची हत्यारं हातात बसली. आणि ऋणको घर सोडून पळायच्या बेतात असला तर रात्री जाऊन गुपचूप बघून यायचं. त्यात स्टेल्थ (चोरपावलं), परसेप्शन (तीक्ष्ण नजर-कान), ॲक्रोबॅटिक्स (कसरत) सगळं आलं. उरलं स्लाइट ऑफ हँड, म्हणजे हातचलाखी. ते पेढीवर कशाला लागायचं हे मी तुला सांगायला नको.

बॅकग्राउंड गिल्ड आर्टिझन (संघातला कारागीर) घेतलंस तर इनसाइट आणि पर्स्वेजन तिथूनच मिळतात. आणि या धंद्यातून जे निघत नाही ते सोडून दे. धर्म, इतिहास, जादूचं ज्ञान, औषधी पाला, त्याची ओळख नाही. विषही नको. पेढीवर विष कोणी गहाण ठेवत नाही.

एक्स्पर्टीज, म्हणजे एखाद्या कौशल्यातलं खास प्रावीण्य, पहिल्या लेव्हलला दोन मिळतात, पुढच्या दोन सहाव्या लेव्हलला. बहुतेक जण स्टेल्थ आणि कुलपं उघडायची हत्यारं घेऊन मोकळे होतात. स्टेल्थबद्दल वाद नाही. हत्यारांबद्दल आहे. बंद दार फायटरच्या लाथेने उघडतं, विझर्डच्या मंत्राने उघडतं, किल्ली चोरूनही उघडतं. खोटं मात्र तुझ्याशिवाय कोणाला नीट बोलता येत नाही. म्हणून दुसरी डिसेप्शनला दे. दोन्हीकडे फाशात मिळवायला +७ होतात. साध्या पहारेकऱ्याचं पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे मुद्दाम न शोधता हालचाल लक्षात येण्याची पातळी, १२ असतं. त्याला चुकवायला तुला डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) ६ पुरतात, म्हणजे शंभरातून ७५ वेळा जमेल. एक्स्पर्टीज नसती तर ६५ वेळा. सुरुवातीला फरक एवढाच, हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर पहिल्याच दिवशी अदृश्य झाल्यासारखा राजवाड्यात शिरशील. खरी मजा अकराव्या लेव्हलला. तिथे रिलायबल टॅलेंट मिळतं, येणाऱ्या कौशल्यात १०च्या खाली पडलेला फासा १० धरतात. तोवर डेक्स्टेरिटी २० झाली असेल तर स्टेल्थ २३च्या खाली येतच नाही.

पण स्टेल्थचा एक तोटा कुठल्याच कोष्टकात नसतो. तू एकटा पुढे टेहळणीला जातोस आणि बाकीचे तिघे वाट बघत बसतात. चिलखतवाला फायटर तुझ्याबरोबर येऊ शकत नाही, जड चिलखताने त्याला लपताना डिसॲडव्हान्टेज असतो (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). टेहळणी लांबली की खेळ दोघांचा होतो, तू आणि डीएम. म्हणून जाण्याआधी एकच प्रश्न ठरवून जा (किती जण आहेत? मागचं दार कुठे?), उत्तर मिळालं की परत ये. तेवढ्यात विझर्ड खेळणाऱ्याला नकाशा काढायला लाव.

मारामारीत तुझा जो समज आहे तो आधी काढून टाक. स्नीक अटॅकला, म्हणजे जादा फाशांचं नुकसान करणाऱ्या चोराच्या खास वाराला, लपावं लागत नाही. तू ज्याला मारतोयस त्याच्यापासून ५ फुटांत तुझा साथीदार शुद्धीवर उभा असेल, आणि तुला डिसॲडव्हान्टेज नसेल, तर पुरे. शस्त्र मात्र फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा रेंज्ड (लांबून मारायचं) हवं. पहिल्या लेव्हलला १डी६ (सहा बाजूंचा एक फासा), दर विषम लेव्हलला एक फासा वाढतो, पाचव्याला ३डी६, सरासरी साडेदहा. फायटर पाचव्या लेव्हलपासून दोनदा वार करतो, तुझा मात्र एकच असतो. तो हुकला की सगळंच हुकलं.

इथे खरा पेच आहे, आणि मला या क्लासमध्ये सगळ्यात जास्त हाच आवडतो. एका हातात छोटी तलवार आणि दुसऱ्यात खंजीर घेतलास तर बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या एकाच छोट्या जादा कृतीत, दुसरा वार करता येतो. +५ने एसी (शत्रूचा बचावाचा आकडा) १३ला लागण्याची शक्यता ६५ टक्के. दोन वार मिळाले तर निदान एक लागण्याची जवळजवळ ८८. पण दुसऱ्या लेव्हलला कनिंग ॲक्शन येते, धावणं, निसटणं किंवा लपणं, आणि तीही बोनस ॲक्शनच खाते. म्हणजे दर टर्नला (पाळीला) ठरवायचं: अजून एक वार की जीव वाचवून मागे? तुझा हिट डाय, म्हणजे अंगात जीव किती ते ठरवणारा फासा, डी८. ओगरसमोर (धिप्पाड राक्षसासमोर) उभं राहून दोन्ही हातांनी वार करशील तर पत्राचं उत्तर क्लेरिकच लिहील. रेपियर (बारीक लांब तलवार) डी८चा म्हणून सगळे घेतात, पण तो लाइट (हलका) नसल्याने दुसऱ्या हाताचा वार जातो. सरासरी एकच आकडा जास्त मिळतो, तेवढ्यासाठी मी तो घेतला नसता. पाठीवर धनुष्य असू देच.

आणखी एक बारकावा. स्नीक अटॅक टर्नला एकदा असतो, राउंडला, म्हणजे सगळ्यांच्या पाळ्यांच्या फेरीला, एकदा नव्हे. शत्रू तुझ्या कक्षेतून पळायला लागला आणि तुला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (आयता वार) मिळाला, तर अटी जुळल्यास त्याच राउंडमध्ये ते फासे पुन्हा टाकता येतात. हे वाक्य पुस्तकात दाखवायची तयारी ठेव, कोणीतरी भांडेलच.

सबक्लास, म्हणजे क्लासची पोटशाखा, तिसऱ्या लेव्हलला निवडायचा आहे, तेव्हा आत्ताच जीव काढू नकोस. हरहुन्नरी म्हटलं की लोक आर्केन ट्रिकस्टर (जादू येणारा चोर) सुचवतात. अदृश्य मेज हँडने (जादूच्या हाताने) खिसा कापणं मजेचं आहे, कबूल, पण तुझं इंटेलिजन्स १० आणि शेजारी आख्खा विझर्ड बसलेला. असॅसिन शत्रू बेसावध सापडण्यावर जगतो, आणि चार जणांच्या गटात ते फारसं घडत नाही. थीफ चांगला, विशेषतः बोनस ॲक्शनमध्ये वस्तू वापरता येतात म्हणून. पण तुझ्या करिष्म्याला साजतो तो स्वॅशबकलर, दिलेर तलवारबाज. वार केलेल्या शत्रूपासून फुकट निसटता येतं, आणि शत्रू एकटा तुझ्यासमोर असेल तर साथीदाराशिवायही स्नीक अटॅक बसतो. वरचा पेच तिथे बराच सुटतो बघ. तो मूळ पुस्तकात नाही, २०१७च्या पुरवणीत आहे, डीएमला आधी विचार. आणि मल्टिक्लासचा (दोन क्लास एकत्र करण्याचा) विचारही करू नकोस, तुझी यादी बघून मला तीच भीती वाटते.

सामानात बर्गलर्स पॅक (चोराच्या सामानाचा तयार संच) घे. त्यातल्या दोन गोष्टींकडे कोणी बघतही नाही: १,००० छोट्या गोळ्यांची पिशवी, आणि दोरा व घंटी. गोळ्या जिन्यावर ओत, घंटी मुक्कामाच्या वाटेवर बांध. यांना ना लेव्हल लागते ना स्पेल स्लॉट (मंत्रांचा कोटा). चोरांची सांकेतिक भाषाही फुकट मिळाली आहे, ती विसरू नकोस. नव्या गावात शिरताना डीएमला विचारत जा, भिंतीवर कोणी काही खूण करून ठेवलीय का.

एका बाबतीत मी तुझं ऐकणार नाही. ‘माझं पात्र आहेच तसं’ म्हणून साथीदारांच्या पिशव्या कापायच्या नाहीत. पात्र तसं आहे कारण तू तसं लिहिलंस. गटाबरोबर राहण्याचं एक ठोस कारण दे. समज, पेढीवर गहाण पडलेली एक वस्तू सोडवायला कोणी आलंच नाही, ती अजून याच्याकडे आहे, आणि तिच्यावरचं अक्षर वाचणारा पहिला माणूस म्हणजे तुमचा विझर्ड. वस्तू काय ते ठरवू नकोस, डीएमवर सोड. याने ज्यांची फसवून किंमत पाडली अशा दोघांची नावं मात्र लिहून दे. डीएम त्यांना कधी ना कधी आणणारच.

आता पुढच्या पत्रात मला यादी नको. पहिल्या लेव्हलची शीट पाठव आणि एकच गोष्ट लिही: खोटं पकडलं गेलं की हा माणूस काय करतो? पळतो, आणखी मोठं खोटं बोलतो, की खरं सांगून टाकतो? ते ठरलं की सबक्लासचं बघू. आणि फायटर खेळणाऱ्याशी खेळाआधीच बोलून ठेव. तो कोणाला भिडणार यावर तुझे फासे अवलंबून आहेत, तेव्हा त्याच्या मागोमागच तुझी पाळी आली तर उत्तम.

तुझाच,
जुना खेळगडी