कॉलेजला पैसे का देतेय, ते सांगते

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "देणगी देणं मोठ्या लोकांचं काम. तू आधी घरचं बघ." मागून आईने पडवीच्या गळक्या पत्र्यांची आठवण करून दिली. तेव्हा नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहायला बसले. आधी पत्र्यांचं सांगते. दिवाळीच्या आत ते बदलायचे, मिस्त्रीशी बोलून ठेवलंय. औषधांचे आणि मोटारीच्या लाइटबिलाचे पैसे दर महिन्याला येतात तसे येत राहतील. कॉलेजला देणार आहे ते यंदाच्या पगारवाढीतले. तुमच्या कशालाही त्यात हात लागणार नाही.

बाबा, नंदन निलेकणींनी 2023 साली आयआयटी मुंबईला 315 कोटी रुपये दिले, तिथे प्रवेश घेतल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. तुम्ही ते पेपरात वाचलंत आणि तेव्हापासून देणगी म्हटली की तुम्हाला कोटीच दिसतात. त्यांनी दिलं ते चांगलंच झालं. पण आमचं साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज ज्या संस्थेचं आहे, ती कशी वाढली ते आठवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे अण्णांनी, 1919 मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीला बसवली. त्या पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. खेड्यापाड्यांतून मूठ मूठ धान्य गोळा झालं. मूठभर ज्वारी देणारी ती माणसं कुठे मोठी होती? आपल्यासारखीच होती.

आणि तिथे जेवलेली मुलं परत आली. बॅरिस्टर पी. जी. पाटील अण्णांच्या वसतिगृहात राहून शिकले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि रयतच्याच कामाला लागले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वकिली करून बक्कळ मिळवता आलं असतं त्यांना. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

माझं म्हणाल तर 'कमवा आणि शिका'मध्ये मला प्रयोगशाळेचं काम होतं. प्रॅक्टिकल संपलं की ब्युरेट, पिपेट, फ्लास्क धुवायचे. आधी नळाचं पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर. ब्युरेटच्या आत काचेला एक जरी थेंब चिकटून राहिला तरी ती स्वच्छ नाही, पुन्हा धुवायची. लॅबमधले काका प्रत्येक ब्युरेट खिडकीच्या उजेडात धरून बघायचे. आज कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नव्या पोरांना मी तेच करायला लावते. त्या कामावर माझी मेस भागली. दुष्काळात तुम्ही दोघं जनावरं घेऊन छावणीत राहत होतात, तेव्हाही माझं कॉलेज सुटलं नाही ते त्यामुळेच.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर आधी वॉटर कूलर द्यायचं घाटत होतं, वर बॅचचं नाव घालून. मी विरोध केला. आधी कॉलेजातल्या मुलींना भेटूया म्हटलं. भेटलो तेव्हा दहिवडीकडची पहिल्या वर्षाची एक मुलगी सांगत होती, ती मैत्रिणीचा ॲप्रन घालून प्रॅक्टिकलला बसते. दोघींच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस वेगळ्या, म्हणून एका ॲप्रनवर निभतं. असलं काही कुठल्या अर्जात येत नाही. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण पैसे खात्यावर पडेपर्यंत मेसचं बिल, परीक्षा फी, जर्नल यांना थांबता येत नाही. त्या मधल्या महिन्यांसाठी आम्ही निधी काढतोय. शिष्यवृत्ती जमा झाली की जिला जमेल तिने पैसे परत टाकायचे, जिला जमणार नाही तिला विचारायचं नाही. देणाऱ्याचं नाव कुठेही लावायचं नाही, हेही ठरलंय.

शिवाय महिन्यातला एक रविवार मी साताऱ्याला जाणार आहे. बी.एस्सी.नंतर कुठे अर्ज करायचा, मुलाखतीत काय विचारतात, हातात पगार किती पडतो, रात्रपाळी असेल तर कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते का हे आधी कसं विचारून घ्यायचं, हे शेवटच्या वर्षाच्या मुलींना कुणीतरी बसून सांगायला हवं. मला ते धडपडत शिकावं लागलं.

त्यातल्या बऱ्याच जणींची घरी लग्नाची बोलणी सुरू आहेत. इथे बाबा, मला तुम्ही हवे आहात. मी कितीही सांगितलं तरी त्या मुलींच्या वडिलांना ते पोरीचं बोलणं वाटणार. तुम्ही सांगाल ते ऐकतील. गावात लोक नाही नाही ते बोलत असताना तुम्ही मला पुण्याला एकटं पाठवलंत. ते कसं ठरवलंत, रात्री झोप लागायची का, तेवढंच सांगा. भाषण करू नका, चहा पिता पिता बोला.

आई, तुलाही काम आहे. यंदाची बाजरी व्यापाऱ्याला घालायच्या आधी एक पोतं बाजूला ठेव. वसतिगृहाच्या मेसला चालेल का म्हणून मी रेक्टर मॅडमना विचारलंय, त्या हो म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी कॉलेजात मेळावा आहे. दहिवडीहून सकाळची एसटी धरा, मी साताऱ्याच्या स्टँडवर थांबते. पोतं एसटीत चढवायला कंडक्टरला सांगा, बाबांनी उचलायचं नाही. आणि बीपीच्या गोळ्या पिशवीत वर ठेवा, तळाला नको.

तुमची,
लेक