पेटंट दिले, पुढे काय? वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. वाणिज्य व उद्योगमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

पेटंटमुळे संशोधन वाढते की अडते, हा वाद जुना आहे. आपल्या पेटंट कायद्याने मात्र आपली बाजू सांगून टाकली आहे. कलम ८३ म्हणते की, पेटंट द्यायचे ते शोधांना उत्तेजन मिळावे आणि ते देशात व्यापारी प्रमाणावर वापरात यावेत म्हणून. नुसत्या आयातीची मक्तेदारी भोगण्यासाठी नव्हे. मला हे कलम फार आवडते. सरकारी कागदात इतके रोखठोक वाक्य क्वचितच सापडते.

या अटीवर २० वर्षांचा एकाधिकार मिळतो. अट पाळली जाते का, हे कळते फॉर्म २७ वरून, म्हणजे शोध देशात कितपत वापरला हे पेटंटधारकाने सांगायच्या विवरणपत्रावरून. तो दरवर्षी भरावा लागे. मार्च २०२४ च्या पेटंट नियमांनी तो तीन आर्थिक वर्षांतून एकदा केला. कटकट कमी झाली, हे मान्य. पण २०१२ मध्ये नेक्साव्हर या कर्करोगावरच्या औषधासाठी सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्याला ते बनवण्याची मुभा) दिला गेला, तेव्हा पेटंटधारकाने स्वतः भरलेली हीच विवरणपत्रे कामी आली. महिन्याचा सुमारे २,८०,००० रुपयांचा खर्च ८,८०० वर आला. असा परवाना पेटंटला तीन वर्षे झाल्यावर मागता येतो. मागणाऱ्याच्या हाती तेव्हा शिळी माहिती असेल, तर तो काय सिद्ध करणार?

दुसरी गोष्ट मला अधिक खुपते. पेटंट मिळण्यापूर्वी हरकत घेणे विनाशुल्क होते. त्याच नियमांनी शुल्क लावले, शिवाय हरकत ऐकण्याजोगी आहे का, ही चाळणीही. बेडाक्विलिन या क्षयरोगावरच्या औषधाच्या एका क्षारासाठीचा, म्हणजे त्याच औषधाच्या वेगळ्या रासायनिक रूपासाठीचा, पेटंट अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला. हरकत घेणाऱ्यांत क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोन महिला होत्या. रेणू जुनाच असताना त्याच्या क्षारावर पुन्हा मक्ता मागणे, याला मी संशोधन म्हणत नाही. जुन्या पदार्थाच्या नुसत्या नव्या रूपाला, गुण वाढल्याशिवाय, पेटंट नाकारणाऱ्या कलम ३(ड) ला अशा अर्जांची शंका येते ती उगाच नव्हे.

नवा रेणू शोधून तो रुग्णापर्यंत नेण्यात अनेक वर्षे आणि अफाट पैसा जातो. पेटंटशिवाय खासगी कंपनी त्यात उतरणार नाही, याबद्दल माझे दुमत नाही. म्हणूनच खऱ्या शोधाचे पेटंट भक्कम हवे, आणि अशा फुटकळ अर्जांना वेळीच अडवणारा कुणीतरी हवा.

तेव्हा निदान औषधांपुरता फॉर्म २७ पुन्हा वार्षिक करावा आणि रुग्ण व त्यांच्या संघटनांना हरकतीचे शुल्क माफ करावे, ही विनंती.

आपला,
एक करदाता