दुधाच्या थेंबात दोन विषय

महोदय,

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्राच्या प्रयोगवह्या वेगळ्या, प्रयोगशाळाही वेगळ्या. खरे तर १८२७ मध्ये सूक्ष्म कणांची थरथर बारकाईने पाहिली ती रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने. तिचे गणित १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी मांडले.

नागपुरातील कनिष्ठ महाविद्यालयांनी दोन्ही विषयांचे मिळून एक प्रात्यक्षिक घ्यावे. पिशवीतल्या दुधाचा एक थेंब २० थेंब पाण्यात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठा करून पाहा. साधारण १ मायक्रॉनचे (मिलिमीटरचा हजारावा भाग) स्निग्धकण थरथरताना दिसतात. मोबाइलवर चित्रण करून दर ५ सेकंदांनी कणाची जागा टिपा, असे निदान २० कण घ्या. विस्थापनाच्या (कण मूळ जागेपासून किती सरकला त्या अंतराच्या) वर्गाची सरासरी काळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे आलेख सरळ रेषेत येतो. बहुधा फसते ते इथेच. कव्हरस्लिपच्या (थेंबावर ठेवायच्या पातळ काचेच्या) कडा व्हॅसलीनने बंद केल्या नाहीत, तर आपल्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडते, सगळे कण एकाच दिशेने वाहतात आणि आलेख वर वळतो. (हॅलोजन दिवा असेल तर मंदच ठेवा.) काचेला चिकटलेले कण मोजू नयेत.

मग हाच नियम, म्हणजे वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, पेशीला लावावा. निव्वळ विसरणाने (कण आपोआप पसरत जाण्याने) ऑक्सिजनला पाण्यातून १० मायक्रॉन जायला सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग पुरतो. १ सेंटिमीटरला मात्र सुमारे ७ तास लागतात. रक्ताभिसरण कशासाठी, हे या दोन आकड्यांवरून कळते.

साहित्य दोन्हीकडे आहेच. घोडे अडते ते तासिकांच्या वेळापत्रकात.

– एक वाचक, नागपूर