आजोबांची रायफल कापून हलकी करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या हलक्या कस्टम शिकारी रायफलींवरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला. आवडला, पण तो वाचून कोणी घरातल्या रायफलीला करवत लावायला नको म्हणून हे पत्र. मी फौजेत आर्मरर, म्हणजे बंदुकांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो, आता इंदूरलाच असतो, ओळखीचे लोक अजूनही जुन्या बंदुका दाखवायला घरी बोलावतात. होळकरांच्या काळातली विलायती बोल्ट रायफल असते आणि नातू विचारतो, काका ही पेलत नाही हो, नळी थोडी कापून, दस्ता कोरून हलकी नाही का होणार? एका घरी तर कोणा कारागिरानं चार बोटं नळी आधीच उडवली होती, तोंड वाकडंतिकडं घासलेलं, बघून जीव तुटला माझा.

हलकी रायफल अशी बनतच नाही. ती पहिल्यापासून हलकी म्हणूनच बनवावी लागते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात मेल्विन फोर्ब्स यांनी 1980 च्या दशकात केव्हलर आणि ग्रॅफाइट या हलक्या पण मजबूत धाग्यांचा दस्ता केला, ॲक्शनसुद्धा (काडतूस भरून उडवणारी यंत्रणा) स्वतःच छोटी डिझाइन केली, तेव्हा कुठे रायफल अडीच किलोच्या आसपास आली. आता टायटॅनियमची ॲक्शन असते, पातळ स्टीलच्या नळीवर कार्बन फायबर गुंडाळतात. हे सगळं डोंगर चढून दिवसभरात एखादी गोळी मारणाऱ्या शिकाऱ्यासाठी, कारण पातळ नळी लगेच तापते आणि मग गोळ्या पसरायला लागतात. शिवाय काडतूस तेच ठेवून 4 किलोची रायफल 3 किलोवर आणली की खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशानं वाढते, म्हणजे ज्या नातवासाठी हे करायचं तोच चाप ओढताना डोळे मिटणार.

आणि नळीच्या आत काय चालतं ते तरी बघा, 1925 साली आलेल्या .270 विंचेस्टरसारख्या काडतुसाचा दाब चौरस इंचाला 65,000 पौंडांपर्यंत जातो. इंग्लंडमध्ये म्हणूनच लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये जास्त दाबाचं काडतूस मारून नळी तपासतात, मगच तिच्यावर शिक्का बसतो. ती नळी तुम्ही बाहेरून तासून पातळ केली की त्या शिक्क्याला काही अर्थ उरत नाही, आणि गाल तर तुमचाच असतो ना तिथे दस्त्याला टेकलेला.

कायद्याचं तर लोकांना माहीतच नसतं. बंदूक लायसनची असली तरी नळी आखूड करायला आर्म्स ॲक्ट 1959 च्या कलम 6 प्रमाणे वेगळं लायसन लागतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. शिकार म्हणाल तर ती 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. नातवाला नेमबाजीच शिकायची असेल तर रेंजवर जाऊ दे, तिथे उलट वजनच कामाला येतं, एअर रायफलला 5.5 किलोपर्यंत परवानगी आहे. आपल्या शेजारच्या खरगोनचा ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर रायफल घेऊन ऑलिंपिकपर्यंत गेलाच की.

चंपावतची वाघीण मारल्याबद्दल 1907 मध्ये जिम कॉर्बेट यांना .275 रिग्बी भेट मिळाली होती, ती रायफल आजही जपून ठेवलेली आहे. आपल्या माळ्यावरच्या रायफलींवरही मेकरचं नाव, सिरियल नंबर, प्रूफचे शिक्के असतात, त्यावरून त्यांचा इतिहास शोधता येतो. नळी कापली की त्यातलं बरंच कायमचं जातं.

दुसरं असं की 2019 पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाच्या धरून. म्हणजे तिसरी जमा करावी लागते, आणि त्यात अशा किती जुन्या चांगल्या रायफली गेल्या असतील. इथेच बिजासन रोडवर बीएसएफच्या शस्त्रांच्या शाळेत बंदुकांचं म्युझियम आहे, महूला फौजेची इन्फंट्री स्कूल आहे, जाणकारांना तोटा नाही. तेव्हा माझी विनंती एवढीच, की जमा झालेल्या जुन्या बंदुकांचं पुढे काय होतं आणि नष्ट करण्याआधी त्या कोणी जाणकार बघतो का, हे तुमच्या बातमीदारानं कलेक्टर ऑफिसात विचारून पेपरात छापावं. बघत नसतील तर त्यासाठी यादी करून द्यायला, साफसफाई करायला मी फुकट यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त आर्मरर, इंदूर