बिनपैशाच्या पुस्तकांबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, इतकी पुस्तकं कोणी फुकट देत असेल तर ती चोरीचीच असणार, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखी ही शंका नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

लेखक गेल्यावर त्याच्या लेखनाचा हक्क ठरावीक काळ वारसांकडे राहतो. आपल्या कायद्यात ही मुदत ६० वर्षांची आहे आणि ती पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांचं झालं. कोणीही छापावं, कोणीही वाटावं. युरोपात हीच मुदत ७० वर्षांची आहे. तेव्हा जुनं अभिजात साहित्य वाचताना मनात कसलाही किंतु ठेवू नका. भाषांतराचं मात्र वेगळं असतं. मूळ ग्रंथ कितीही जुना असला, तरी नव्या भाषांतरावर भाषांतरकाराचा हक्क असतोच.

इंग्रजीसाठी आधी 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' उघडा. मायकेल हार्ट नावाच्या विद्यार्थ्याने १९७१ साली विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला, तिथून हे काम सुरू झालं. आज तिथे ७०,००० हून जास्त पुस्तकं आहेत. नाव नोंदवावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. गुटेनबर्गच्या नावाखाली कोणी कार्डाचा नंबर मागितला, तर ते पान लगेच बंद करा.

मराठीसाठी 'विकिस्रोत' बघा. तिथलं काम कसं चालतं ते पाहून मी थक्क झाले. एका बाजूला जुन्या छापील पानाचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला टाइप केलेला मजकूर. पान लाल दिसलं तर ते अजून तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकाने तपासलंय, आणि दुसऱ्या कोणीतरी पुन्हा नजर घातली की मगच ते हिरवं होतं. हे सगळं लोक आपणहून, कुठलाही मोबदला न घेता करतात. बाबा, वर्तमानपत्रातला ऱ्हस्व-दीर्घही तुमच्या नजरेतून सुटत नाही. रोज एखादं पान तुम्ही तपासलंत तर त्या पुस्तकाचं सोनं होईल. मी हे अगदी मनापासून सांगते आहे.

'इंटरनेट अर्काइव्ह'वर मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण ती शोधायला चिकाटी लागते. कित्येकांची नावं रोमन लिपीत नोंदवलेली आहेत आणि तीही ज्याला जशी सुचली तशी. देवनागरीत काही सापडलं नाही तर रोमनमध्ये लिहून बघा, नाहीतर नुसत्या लेखकाच्या आडनावाने शोधा. काही प्रतींची पानं तिरकी, पुसट किंवा गहाळ असतात. म्हणून वाचायला बसण्याआधी मधली आणि शेवटची पानं चाळून घ्या. ऐन रंगात आल्यावर प्रकरणच गायब व्हायला नको.

आता डोळ्यांचं. या जुन्या पुस्तकांची पीडीएफ म्हणजे बहुधा पानाचा फोटोच. अक्षर मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि सारखं इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं. ईपब मिळत असेल तर तेच घ्या. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि ओळी आपोआप नीट बसतात. टॅबवर ईपब उघडणारं ॲप मी आल्यावर घालून देईन.

आई, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर परवानगी देईपर्यंत तू डोळ्यांना ताण देऊ नकोस. 'लिब्रिवॉक्स'वर जुनी पुस्तकं ऐकायला मिळतात, तीही फुकट. २००५ पासून जगभरातले हौशी लोक ती वाचून ध्वनिमुद्रित करतात. बहुतेक इंग्रजी आहेत. कधी कधी प्रकरणागणिक आवाज बदलतो, पण त्याची सवय होते. तुला कादंबरी हवी की प्रवासवर्णन ते सांग, म्हणजे त्यातला चांगला आवाज शोधून ठेवते.

बाबा, तुमची जुनी यादी मला पाठवा. वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवलात तरी चालेल. यातलं काय मोकळं आहे आणि कुठे मिळतंय ते रविवारी बसून बघते.

तुमची लेक