लांब लेन्स दिसली की गेटवरच अडवायचं, हे काय चाललंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचक काकांचं पत्र छापून आलं होतं, की हल्ली मैदानावर हौशे-नवशे हातभर लांबीच्या तोफा घेऊन येतात, मागच्यांना मॅच दिसत नाही, एवढं तर मोबाइलवरही निघतं, तेव्हा हे कॅमेरे बंदच करून टाका. काकांचा अर्धा राग मला पटला. पुढच्या पायरीवर उभं राहून फोटो काढणाऱ्यावर 'अहो खाली बसा' म्हणून मीही ओरडलेली आहे. पण बंदच करा हे जरा अतीच झालं आणि मोबाइलवर निघतं हे तर साफ चूक आहे, म्हणून हे पत्र. मी स्वतः त्या तोफवाल्यांपैकीच आहे हे आधीच सांगून टाकते. माझं चष्म्याचं दुकान आहे, दुपारी गिऱ्हाईक नसतं, आणि हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर मॅच असली की दुकान घरच्यांवर सोपवून मी तिकडे असते.

आता मोबाइलचं बघू. पायऱ्यांवरून खेळपट्टी साधारण 75 मीटर लांब धरा. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा तेवढ्या अंतरावर जवळजवळ 100 मीटर रुंदीचं दृश्य पकडतो, त्यात बॅट्समन म्हणजे उभी केलेली काडेपेटीची काडी. महागड्या फोनमधला पाचपट झूम लावला तरी 20-22 मीटर रुंदी येते, मग त्यापुढे बोटांनी ताणायचं, आणि ताणलं की चेहऱ्याचा नुसता शेवयांचा लगदा होतो. त्याच जागेवरून साध्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे जरा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 300 मिलिमीटरची लेन्स लावली की चौकट येते सुमारे 6 मीटर रुंद आणि 4 मीटर उंच, म्हणजे बॅट्समन, कीपर, स्टंप सगळं बसतं. 600 लावली तर त्याच्याही निम्मं, बॅट्समन नखशिखांत चौकटीत, हेल्मेटच्या जाळीमागचे डोळे सुद्धा दिसतात. हा निव्वळ भागाकार आहे काका, ब्रँडचा माज नाही.

आणि नुसतं लांबचं दिसून भागत नाही. ताशी 140 ने टाकलेला बॉल सेकंदाच्या हजाराव्या भागात जवळपास 4 सेंटिमीटर पुढे जातो आणि बॉल असतो सव्वासात सेंटिमीटरचा, म्हणजे शटर सेकंदाचा एक हजारांश भागच उघडं ठेवलं तरी तो थोडा ओढलेलाच दिसणार, स्पिनरचा बॉल मात्र बराच निभावून जातो. लोकांना वाटतं लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे म्हणजे झालं, पण ते आपला हात थरथरतो त्यासाठी असतं, पळणारा माणूस त्याने थांबत नाही. तो थांबतो फक्त शटरने, आणि शटरचा वेग वाढवला की उजेड कमी पडतो, मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद वाढवा, मग फोटोत दाणे येतात.

खरी गंमत जागा कुठे धरायची त्यात आहे, आणि हे मला कुणी सांगितलं असतं तर किती मॅचेस वाचल्या असत्या. खेळपट्टी साधारण उत्तर-दक्षिण असते, त्यामुळे सकाळी पूर्वेच्या बाजूला बसायचं, ऊन आपल्या पाठीवर आणि खेळाडूंच्या तोंडावर येतं, जेवणानंतर पश्चिमेला सरकायचं. मधल्या दोन तासांत हेल्मेटखाली चेहरा काळाच येतो, तेव्हा सरळ डबा खावा. उजव्या हाताचा बॅट्समन ऑफ साइडला तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याचा चेहरा हवा तर पॉइंट-कव्हरच्या मागे बसायला हवं, पण ओव्हर संपली की बॉलिंगचं एंड बदलतं आणि तुमची पॉइंटची जागा स्क्वेअर लेगची होऊन जाते, पुढची ओव्हरभर नुसती पाठ आणि जर्सीचा नंबर बघायचा! एक डावखुरा आणि एक उजवा अशी जोडी जमली की मात्र चंगळ, एक रन निघाली की लगेच समोर चेहरा. जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र-बडोदा रणजी मॅच इथे झाली तेव्हा गर्दी बघितली असेल तुम्ही, पण त्या गर्दीत एंड बघून जागा बदलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळे खेळाडू बाउंड्रीजवळ आला की सेल्फीसाठी धावणारे. उठून मागच्यांना आडवे नक्की कोण येतात ते काकांनी एकदा नीट बघावं. 150-600 सारखी दोन किलोची लेन्स घेऊन कुणी उभं राहत नाही हो, कोपर गुडघ्यावर टेकवून बसूनच काढावं लागतं, नाहीतर दहा मिनिटांत खांदा बोलायला लागतो. मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँड लावणारे एखादे असतात, त्यांनी शेवटच्या पायरीवर बसावं, एवढंच माझं म्हणणं.

संध्याकाळच्या कबड्डीचं वेगळं गणित. मंडळाच्या मॅटवर चार एलईडी फ्लड लावलेले असतात, डोळ्याला लख्ख वाटतं पण कॅमेऱ्याला अंधारच, शिवाय काही स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात, ते डोळ्याला कळत नाही पण फोटोत आडवे पट्टे येतात. लेन्सवर अ‍ॅपर्चरचा आकडा असतो, तो जितका लहान तितकं तिचं तोंड मोठं उघडतं, त्यामुळे अशा ठिकाणी 6.3 ची लेन्स 2.8 च्या मानाने पाचपट कमी उजेड आत घेते. मग काय, 2.8 ची घ्यायची तर 70-200 लाच लाखाच्या वर मोजावे लागतात आणि प्रेसवाले बाउंड्रीवर घेऊन बसतात ती 400 ची 2.8 तर दहा लाखांच्या पुढे, तेवढ्यात माझं दुकान नव्याने सजेल. फ्लॅश मारायचा विषयच नाही, चढाईला आलेल्याच्या डोळ्यात गेला तर तो पकडला जाईल आणि मला लोक पकडतील.

आता मूळ मुद्दा. वानखेडेवर आयपीएल असते तेव्हा प्रेक्षकांना लेन्स बदलता येणारे कॅमेरे नेऊ देत नाहीत, ते मला मान्य आहे, कारण तिथे फोटोचे आणि प्रक्षेपणाचे हक्क विकलेले असतात, तिकिटावर तसं छापलेलं असतं, आपण पैसे देऊन ती अट मान्य करूनच आत जातो. पण जिथे तिकीट नाही, हक्क विकलेले नाहीत, टीव्हीचा कॅमेरा सोडा पण स्कोअरबोर्डसुद्धा खडूने लिहितात, तिथे ही बंदी कुठून आली? शहरातल्या एका शालेय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेला, नाव घेत नाही, गेटवर मला थांबवलं. 'मॅडम, प्रोफेशनल कॅमेरा अलाउड नाही.' म्हटलं कुठे लिहिलंय, तर 'वरून सांगितलंय.' वरून म्हणजे कोण ते काही कळलं नाही. आणि त्याच वेळी आत पालक मोबाइल घेऊन थेट ट्रॅकच्या चुन्याच्या रेघेवर उभे, चौथ्या लेनमधली मुलगी वळणावर एका बाबांना चुकवून पळाली, मी जाळीबाहेरून बघितलं. शंभर फुटांवर पायऱ्यांवर बसलेल्या बाईची लेन्स धोक्याची आणि लेनमधले बाबा चालतील! तेच मविप्र शिक्षण संस्थेची मॅरेथॉन गंगापूर रोडने जाते तेव्हा कुणी काही विचारत नाही.

मात्र एक गोष्ट काकांच्या पत्रात नव्हती आणि ती यायला हवी होती. लांब लेन्सने मुलींचे फोटो काढणारे सगळेच खेळ बघायला येत नाहीत, हे मला बाई म्हणून सांगायला कुणी लागत नाही. हाय जंपच्या पिटकडे लेन्स रोखून बसलेला माणूस नक्की काय काढतोय हे शेजारी बसलं की अर्ध्या मिनिटात समजतं, स्क्रीनवर दिसतं ना. जपानमध्ये हा त्रास इतका वाढला की पॅरिस 2024 ऑलिंपिकला त्यांच्या काही संघांना इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून आरपार दिसणार नाही असं खास कापड वापरून कपडे शिवले. आपल्याकडे कुणाला काळजी वाटत असेल तर ती बरोबरच आहे, आणि गेटवरच्या भाऊंनी मला तसं स्पष्ट सांगितलं असतं तर मी आयकार्ड काढून दिलं असतं, काढलेले सगळे फोटो दाखवले असते. पण त्याचा उपाय लेन्सची लांबी मोजणं हा नाही, कारण असला माणूस आज खिशात मावणारा झूम कॅमेरा घेऊन येतो आणि तुम्ही त्याला सलाम ठोकून आत सोडता. उपाय साधा आहे, गेटवर एक वही ठेवा, नाव-नंबर-आयकार्ड लिहून घ्या, गळ्यात एक रंगीत फीत द्या, कुठे बसायचं ते सांगा, अठराच्या आतल्या खेळाडूंचा फोटो पालकांना किंवा कोचला विचारल्याशिवाय इन्स्टाला टाकायचा नाही असं सहीनिशी घ्या. कोचने हात केला की त्या माणसाला बाहेर काढा, वाद नको.

एवढा आटापिटा कशासाठी, असं काका विचारतील. हर्सूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थला दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आली, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये उतरला, त्यांचे फोटो सगळ्यांनी छापले. पण ही पोरं नाव होण्याआधी घाम गाळत होती तेव्हाचा चांगला फोटो काढायला कोण होतं हो? प्रेसवाले येतात बक्षीस समारंभाला, त्यांचाही इलाज नसतो, एका दिवसात चार कार्यक्रम असतात. माझ्या हार्ड डिस्कमध्ये लांब उडीच्या वाळूत पडलेल्या मुली आहेत, वाळू कानापर्यंत उडालेली, दात घट्ट आवळलेले, एकीने तो फोटो मागून नेला आणि स्पोर्ट्स कोट्याच्या फाइलला लावला म्हणे. फाइलला फोटो लागत नाही खरं तर, तिला लावावासा वाटला.

संपादक साहेब, तुमच्याकडेही एक मागणं आहे. जिल्हा पातळीच्या स्पर्धांचे वाचकांनी काढलेले फोटो आठवड्यातून एकदा छापा, खेळाडूचं नाव, शाळा आणि स्पर्धा नीट लिहून, आणि कृपा करून ते कापून पासपोर्ट साइजचे करू नका, उडी मारणाऱ्याचे पाय कापले तर उडी कुठे राहिली. आणि आयोजकांना एवढंच सांगा की कॅमेऱ्याचा जो काही नियम असेल तो स्पर्धेच्या पत्रकावरच छापा, हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, म्हणजे दोन किलो वजन खांद्यावर टाकून भर उन्हात गेटपर्यंत येऊन परत जायला नको. पावसाळा संपला की शालेय स्पर्धा जोरात सुरू होतील, त्याच्या आत झालं तर बरं. वहीचा खर्च कुणाला जड जात असेल तर दुकानातली एक मी पाठवून देईन.

आपली,
एक नियमित वाचक, इंदिरानगर, नाशिक