पिस्तूल घेण्याआधी हात बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पुरवणीत नेमबाजीकडे वळणाऱ्या खेड्यातल्या मुलांविषयी वाचले आणि आनंद झाला. पण त्यात कंपन्यांची नावे होती, किमती होत्या, आणि पिस्तूल ज्या हातात जायचे त्या हाताबद्दल एक ओळही नव्हती. त्या एका ओळीसाठी हे पत्र.

मी गणवेशातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि आता दारव्हा तालुक्यात आमच्या गावी असते. नोकरीत हाती आले ते ईशापूरच्या कारखान्यातले ९ मिमी पिस्तूल. ब्राउनिंग हाय-पॉवर या विलायती पिस्तुलाच्या धर्तीचे, मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या दोन रांगांत बसतात, त्यामुळे मूठ जाड. माझा हात लहान. ट्रिगरपर्यंत बोट पोचावे म्हणून मला ते हातात थोडे फिरवून धरावे लागे. मग धक्का मनगटातून सरळ मागे न जाता अंगठ्याच्या सांध्यावर बसे आणि गोळी डावीकडे खाली जाई. दरवर्षी सरावाला "बाईंचा हात हलतो" हे ऐकले, आणि मीही ते खरे मानले. निवृत्तीनंतर तालुक्याच्या नेमबाजी क्लबात एकाने लहान मुठीचे एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावर छरे सोडणारे, पुढे केले. पहिल्या दहा छऱ्यांचा जो पुंजका पडला, तो कागद मी घरी जपून ठेवला आहे. इतकी वर्षे दोष मुठीचा होता आणि बोलणी मी खात होते.

हे आज सांगायचे कारण म्हणजे आमच्या शेजारच्या गावातली एक मुलगी. तिच्या वडिलांनी तुरीचे पैसे हाती येताच लाखाच्या वरचे विलायती एअर पिस्तूल आणले. विकणाऱ्याने मुलीचा हात पाहिला नाही, वडिलांनी विचारले नाही. मोठ्या मापाची मूठ निघाली. पोरीचे बोट ट्रिगरवर जेमतेम टेकायचे आणि दहा मिनिटांत मनगट भरून यायचे. तिने खेळ सोडायचेच ठरवले होते. क्लबातल्या एका काकाजींनी तिला आठवडी बाजारातल्या सुताराकडे नेले. बैलगाडीचे जू घडवणारा माणूस तो. त्याने तिचा पंजा कागदावर उतरवून घेतला आणि सागवानाची मूठ कोरून दिली. कानशीने घासत, पोरीच्या हातात देत, पुन्हा घासत, तीन बाजार गेले. काकाजी आता प्रत्येक नव्या पालकाला एकच सांगतात, "आधी हाताले इचारा, मंग खिशाले."

हात कसा बघायचा, तेही सांगते. रिकामे पिस्तूल मुठीत धरा. बोटाचे पहिले पेर ट्रिगरवर सपाट बसले पाहिजे आणि बाकीचे बोट लाकडाला घासता कामा नये. मग डोळे मिटून पिस्तूल टार्गेटकडे उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. पुढची आणि मागची साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, एका रेषेत दिसल्या तर मूठ तुमची. दरवेळी मनगट वाकवून रेष जुळवावी लागत असेल, तर ते पिस्तूल फुकट मिळाले तरी घेऊ नका. बाकीचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत: १० मीटर एअर पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमच्या आत, ट्रिगरचा ताण किमान ५०० ग्रॅम. जुने घेत असाल तर पिस्तुलाला जोडलेल्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा, कारण दहा वर्षांनंतर स्पर्धेत तो चालत नाही. आणि मे महिन्यात २०० बार दाबाने भरलेला सिलिंडर उन्हातल्या गाडीत ठेवू नका. आपल्याकडचे ऊन मी सांगायला नको.

क्लबातली तरुण पोरे मात्र एअर पिस्तुलावर खूश नसतात. त्यांना धावत, वळत गोळ्या झाडायचे प्रॅक्टिकल शूटिंग हवे असते. मला त्यांचे कौतुकच वाटते, तो खेळ आहेच देखणा. आयपीएससी ही त्याची जागतिक संघटना १९७६ साली अमेरिकेत मिसुरीतल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. त्यात गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. एकाने ५० गुण १० सेकंदांत मिळवले तर हिशेब ५, दुसऱ्याने ४५ गुण ८ सेकंदांत मिळवले तर ५.६२५, म्हणजे दुसरा पुढे. पण नळी ठरलेल्या कोनापलीकडे वळली किंवा जागा बदलताना बोट ट्रिगरगार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, आत राहिले, की स्पर्धेतून थेट बाहेर. तिथेही पिस्तुलाची निवड हातावरच येऊन थांबते. सीझेड शॅडो २ हे पिस्तूल पोलादी, सव्वा किलोच्या पुढचे, धक्का गिळून घेणारे. ग्लॉक १७ जवळपास निम्म्या वजनाचे, चटकन फिरणारे, पण पकड घट्ट नसेल तर उसळणारे.

पोरांनो, ही पिस्तुले ९ मिमीची, आणि आपल्या देशात सामान्य परवानाधारकाला ९ मिमी मिळत नाही, हे आधी समजून घ्या. त्या नादात आडवाटेने काही मिळवायला गेलात तर खेळ राहील बाजूला आणि आयुष्यभराची कोर्टकचेरी मागे लागेल. घरी परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे, त्यावर सराव करू का, असे एकाने विचारले होते. कानपूरचे ५०० ग्रॅमचे 'निर्भीक' हे तसलेच रिव्हॉल्व्हर, स्वरक्षणासाठी घडवलेले. आखूड नळी, हलके अंग. स्पर्धेचा पाया त्यावर रचू नका. ४.५ मिमीच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. पकड, श्वास, ट्रिगर, सगळे त्यावर शिकता येते.

आमचा क्लब म्हणजे जिनिंगचे जुने गोदाम. उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करतो, नवाला पत्रा तापला की बंद. सोयाबीनची सोंगणी लागली की अर्धी पोरे वावरात, मग उरलेल्यांना क्लबाच्या दोन पिस्तुलांवर मनसोक्त वेळ मिळतो. महिन्यातल्या शेवटच्या रविवारी मातीच्या बांधापुढे खडूचे पाच तुकडे ओळीने उभे करतो, सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे चढवतो आणि घड्याळ लावतो. खडू फुटला की पांढरी धूळ उडते आणि आख्खे गोदाम ओरडते. गुण भागिले सेकंद, हिशेब तोच. हरलेल्याने तर्री-पोहे आणायचे. त्या पोह्यांभोवती कुणी कुणाची साइट नीट करून देतो, कुणी वाकडी झालेली स्प्रिंग बदलतो. टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाची लिव्हर ऐन स्पर्धेत तुटली होती. तीच मुलगी २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके घेऊन आली. आमच्या पोरींना ही गोष्ट पाठ आहे आणि आपल्या पिस्तुलाचा स्क्रू न स्क्रू त्या ओळखतात.

कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला पदक घेतले तेव्हा आमच्या गोदामात पेढे वाटले गेले. कोल्हापूरच्या खेड्यातून जे झाले ते दारव्हा, दिग्रस, आर्णीतून का होऊ नये? १० मीटरच्या रेंजला जेमतेम तेरा-चौदा मीटर लांबीची खोली पुरते. अशी कितीतरी गोदामे आणि शाळांचे हॉल कुलूपबंद पडून आहेत.

आपल्यामार्फत दोन विनंत्या करते. पालकांनी पैसे मोजण्याआधी मुलाला सहा महिने जवळच्या क्लबात पाठवावे आणि तिथली सगळी पिस्तुले त्याच्या हातात येऊ द्यावीत. आणि ज्यांच्या घरी मुलांनी सोडून दिलेले एअर पिस्तूल कपाटात पडले आहे, त्यांनी ते तालुक्याच्या क्लबाला वापरायला द्यावे. लहान मुठीचे असेल तर फारच बरे. आमच्याकडे सहावी-सातवीतल्या चार मुली एका पिस्तुलावर पाळीपाळीने सराव करतात.

आपली,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ